दानूला लावलेला पहिला फोन

सौ. दानेश्वरी शिवप्रसाद हत्तरगी, वय ३४ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर.

दि. १७ फेब्रुवारी २००३. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे :

माझा धाकटा भाऊ संगमेश रेवणसिद्ध घेवडे याचे शाहूपुरीत फोनचे दुकान आहे. आई शांतव्वा, वय ६२, त्याच्याकडे राहते. तिला आम्ही अव्वा म्हणतो. एका कंपनीचा नवीन मोबाईल काल रविवारी त्याच्या दुकानात पहिल्यांदा विक्रीस यायचा होता. महिनाभर रिक्षातून पुकारा चालू होता. ज्यांनी आगाऊ पैसे भरून नावे नोंदवली, त्यांत तक्रारदार हंबीरराव हे होते.

आमच्या घरी फोन नाही. संगमेशने मला सांगितले होते, "अक्का, पहिला फोन अव्वा तुला लावणार. अकराला शेजारच्या शालूबाईंच्या फोनजवळ बस. हलू नगंस." मी हो म्हणाले. परंतु आईच्या हातून फोन लागताना मला बघायचे होते. म्हणून शालूबाईंना फोनजवळ बसवून मी सकाळच्या एसटीने कोल्हापूरला आले. भावाला कळवले नाही.

दुकानासमोर मांडव होता व हलगी वाजत होती. रस्ता माणसांनी भरला होता. मी पुढे जाऊ लागले तेव्हा एक इसम म्हणाला, "ओ बाई, फोन बघाय आलोय, कुस्ती खेळाय न्हाय." म्हणून मी मागेच थांबले. फोन तबकात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले होते. आईने माझ्या लग्नातली इरकल नेसली होती.

संगमेशने नंबर दाबून फोन आईच्या कानाला लावला व माईक तोंडाशी धरला. संगमेश वाकून तिला काही बोलला. ते मला ऐकू आले नाही. मग आई म्हणाली, "दानू, ऐकू येतंय काय? पोरं जेवली? व्हय, लई गर्दी हाय. शेजारी बसल्यागत आवाज येतोय बघ तुझा." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटले, पलीकडे शालूबाई आहेत आणि आईची गफलत होते आहे. मी हात वर करून ओरडले, "अव्वा, ती शालूबाई हाय! मी हितं हाय की!"

आईने माझ्याकडे पाहिले. मग फोनमध्ये म्हणाली, "बरं दानू, ठेवते."

लोक हसू लागले. "लाईन लईच जवळ लागलीया," असे कोणीतरी म्हणाले. हंबीररावांनी आईच्या हातातून फोन घेऊन कानाला लावला व फोन मुका असल्याचे ओरडून सांगितले. त्यानंतर लोक पैसे परत मागत नावनोंदणीच्या टेबलाकडे धावले. रेटारेटीत काउंटरची काच फुटून हंबीररावांच्या मनगटास लागली. त्यांना कोणी ढकलले, ते मी पाहिले नाही. मी आईकडे बघत होते. ती खुर्चीवरून उठली नाही.

मी एसटीडी बूथवरून शालूबाईंना फोन केला. त्यांच्याकडे फोन वाजलाच नव्हता. "चहाला सुदिक उठले न्हाय बाई मी," असे त्या म्हणाल्या.

कंपनीची सेवा चालू व्हायला अजून दोन दिवस आहेत, हे आदल्या दिवशीच कळले होते, असे संगमेशने घरी सांगितले. पाहुणे, मांडव सर्व ठरलेले होते. मायलेकांनी संगनमताने फसवले, अशी हंबीररावांची तक्रार असून तीत आईचेही नाव आहे. आज इकडे येताना संगमेश मला म्हणाला, "लाईन लागली हुती, शालूबाईंनी उचलला, एवढंच सांग अक्का. माझं जाऊ दे, अव्वाला चौकीवर बोलावतील." मी तसे सांगितलेले नाही.

आईने काल मला एवढेच विचारले, "जेवून जाणार काय?" मी जेवले नाही.

फोन बंद आहे हे आईस माहीत होते काय, असे मला विचारण्यात आले. आईने यापूर्वी कधी मोबाईल हातात धरलेला नाही. याहून अधिक मला सांगायचे नाही.

जबाब मला वाचून दाखवला. 'आईने माझ्याकडे पाहिले' हे वाक्य काढावे, असे मी म्हणाले. ते खोटे आहे काय, असे साहेबांनी विचारले. खोटे नाही, असे मी सांगितले. वाक्य ठेवले आहे. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
दानेश्वरी हत्तरगी