वर गेलेली तार

—अहो, अहो, तो दिवा लावू नका! खिडकी उघडतो ना मी — हं, हा घ्या भरपूर उजेड, आणि तोही फुकट. सूर्यानं अजून कोणाला बिल पाठवलेलं नाही. काय? मीटरच्या पेटीतलं दिसत नाही? मग ही टॉर्च घ्या. दोनदा आपटा, मग पेटते — सेल जुने आहेत, पण उन्हात ठेवले की घटकाभर चालतात. घटकाभरात होईल ना तुमचं? तर मी काय सांगत होतो — विजेचं बिल वाढलंय ते चोरीमुळे. सरळ सरळ चोरी. शेजारच्या दातांच्या डॉक्टरची. त्याचं घर बघा तुम्ही — जिन्यात दिवा, फाटकावर दिवा, न्हाणीघरात कोणी नाही तरी दिवा. एवढं परवडतं कुठून हो माणसाला? दातांतून? आमच्या हॉलच्या भिंतीला त्याची भिंत लागून आहे, टाकली असेल आमच्या तारेवर तार. मी बोलणंच टाकलंय त्याच्याशी. परवा फाटकात भेटला, म्हणाला, तुमची दाढ दुखत होती ना, येऊन जा. म्हटलं, दुखू दे. दुखायला वीज लागत नाही.

आज मुद्दाम बोलावलं तुम्हाला, घर रिकामं आहे म्हणून. सगळे नातीच्या शाळेत गेलेत, नाटक आहे तिचं. मी? मी नाही गेलो. म्हणजे मला बोलावलं होतं, नाही असं नाही, पण कसं बोलावलं — "तुम्हाला कंटाळा येईल हो" असं बोलावलं. मागच्या वर्षी काय झालं, सभागृहात मागच्या रांगा रिकाम्या आणि डोक्यावर पंखे आपले गरागरा फिरताहेत. कोणासाठी? खुर्च्यांसाठी. मी गुपचूप उठलो आणि बटणं बंद केली, त्यात रंगमंचावरचे दिवेही गेले. बटणांवर नावं नकोत का लिहायला? नात झाड झाली होती. बिचारी अंधारात तशीच उभी राहिली, हात पसरून. झाडच ते, पळणार कुठे! तेव्हापासून मला फारसा आग्रह होत नाही. जाऊ द्या. तुमचा नंबर कुठे मिळाला म्हणता? अहो, आमच्याच मीटरच्या पेटीत, झाकणाला आतून स्टिकर चिकटवलाय तुमचा. मी म्हटलं, काय डोकं आहे या वायरमनचं, जाहिरात कुठे लावावी तर नेमकी जिथे माणूस घाबरून बघतो तिथे!

आता तुम्ही म्हणाल, घरातच कुठे जास्त जळत असेल. नाव काढू नका. या घरात वीज जाळायची म्हणजे — हो, हसा, सगळेच हसतात. मी बसडेपोच्या भांडारात होतो, जुना बल्ब आणून दाखवल्याशिवाय नवा दिला नाही कधी कोणाला, ड्रायव्हर माझ्या पाठीमागे काय काय बोलायचे ते मला तोंडपाठ आहे. तीच शिस्त घरी. चहाचं पाणी सकाळी एकदाच उकळायचं आणि थर्मासमध्ये भरायचं — दुपारच्या चहाला थर्मासचा वास येतो, येऊ दे, सवय होते. मला झाली. भात शिजत आला की गॅस बंद, झाकण ठेवून वर जाड फडकं, आपल्याच वाफेवर होतो तो. आत थोडी कणी राहते, पण दात कशाला दिलेत? कपड्यांना इस्त्री गादीखाली. चिरंजीव ऑफिसला जातात तेव्हा त्यांच्या शर्टावर माझ्या अंगाचा ठसा असतो, म्हणजे एका अर्थानं बापाची छाप. गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार येतं ते बादलीत धरायचं — थेंबे थेंबे तळे साचे — साचलं की, आमच्या न्हाणीघरात अकरा बादल्या आहेत आणि उभं राहायला जागा नाही. फ्रिज रात्री बंद. हो, बंद! रात्री कोण खातंय? दूध नासतं कधीमधी, मान्य, पण नासलेल्या दुधाचंही — बरं, बरं, तुम्ही तुमचं काम करा.

नात मला काय म्हणते माहीत आहे? मेनस्विच. मला वाटलं, वा, मेनस्विच म्हणजे घरातला मुख्य, सगळं ज्याच्यावर चालतं तो. चार लोकांत सांगितलंसुद्धा मी कौतुकानं. मग बागेतल्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, अहो, मेनस्विचला हात लावतो कधी माणूस? सगळं बंद करायचं असेल तेव्हा. हां. तेव्हापासून मी त्या बाकावर बसत नाही.

काय झालं? लुकलुकतोय? तो लाल ठिपका ना — तेच तर! घरातला एकूण एक प्लग मी सकाळीच उपटून ठेवलाय, फ्रिजसकट, तरी मीटर आपलं डोळा मिचकावतंय. मला चिडवतंय मेलं. पाडा, एकेक खटका पाडा. हॉलचा पाडलात? तरी चालू? आं? मग डॉक्टर नाही? थांबा, भिंत तर हॉलचीच लागून आहे त्याच्याशी — बेडरूमचा? तरी चालू. स्वयंपाकघराचा — थांबला. थांबला की हो! पण स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तर गल्ली आहे. गल्लीत कोण माझी वीज चोरणार, मांजर? लावा, खटका परत वर करा, बघू. लागलं लुकलुकायला.

आणि बरं का, हे बिल वाढलं ते नेमकं घरातले सगळे सुधारल्यावर. हो ना! आधी रोजची कटकट — मी दिवा बंद करायचा, सूनबाईंनी लावायचा, ही मध्ये पडायची. आता बघा तुम्ही रात्री येऊन. जेवणं झाली की कोणी कोणाला सांगावं लागत नाही. आमची ही गच्चीवर वाळलेले कपडे काढायला जाते. सूनबाई नातीला पाठांतराला घेऊन वर जाते, मोकळ्या हवेत पाठ होतं म्हणे. चिरंजीवांना फोन येतो, त्यांना रेंज वरच मिळते. कपडे काढायला दीड तास कसा लागतो, असं तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं होतं. पण मी विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण हॉल रिकामा झाला की हॉलचा दिवा बंद करता येतो. मग मी एकटा बसतो खुर्चीत. एकट्या माणसाला दिवा कशाला, मी कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. अंधारात बसून माणूस काय करतो? विचार करतो. कसला? उद्या आणखी काय बंद करता येईल याचा. बरं वाटतं. म्हणजे वाईट वाटत नाही. शांत असतं फार. कधीकधी वरून हसल्यासारखा आवाज येतो, मी म्हणतो डॉक्टरकडे पाहुणे आले असतील. त्याच्याकडे काय, नेहमीच येतात.

तेवढं एकदा पडलो, तेव्हा मात्र — काही नाही हो, पाणी प्यायला उठलो, टीपॉय मध्ये आला. अंधारात टीपॉय आपली जागा सोडतो, अनुभव आहे माझा. पाऊल मोडलं. हाका मारल्या, कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. वाटलं, झोपले असतील सगळे. बऱ्याच वेळानं ही आली आणि मलाच रागावली, रडत रडत रागावली, "अहो दिवा लावला असता तर काय जीव गेला असता?" म्हणून. दुसऱ्या दिवशी मी प्लास्टरला गेलो तेवढ्यात हिनं माझ्या खुर्चीजवळ ते बेलचं बटण बसवून घेतलं. दिसलं ना तुम्हाला, पांढरं? काही लागलं तर दाबा, म्हणाली. मी एकदाही दाबलेलं नाही. बेलला वीज लागते, घसा फुकट आहे.

कुठे निघालात? मागे? हो, जिना मागेच आहे, स्वयंपाकघरातून — पण वर काही नाही हो, गच्ची आणि अडगळीची खोली, मी प्लास्टरनंतर चढलोच नाही कधी, पायाला झेपत नाही. बरं, येतो मीही. हळूहळू. तुम्ही व्हा पुढे. डोकं सांभाळा, वळणावर तुळई खाली आ— 

वाकलात की.

नाही, नाही, चांगलंच झालं. पण त्या तुळईनं पहिल्या फेरीत आजवर कोणाला सोडलेलं नाही. पोस्टमन, गवंडी, माझे व्याही — व्याह्यांच्या कपाळावर तर लग्नाच्या बोलण्यांच्या दिवशी टेंगूळ. आणि तुम्ही माझ्याकडे बघत, टॉर्च हलवत, सहज वाकलात. आणि जिना मागे आहे हेही मी तुम्हाला — मी सांगितलं होतं का? नव्हतं. आणि तो स्टिकर. अहो वायरमनसाहेब, इकडे बघा जरा. तुम्ही या घरात याआधी आला होतात ना?

बोलू नका. कळलं. एवढा वेळ मी डॉक्टरच्या नावानं शंख करतोय आणि तुम्ही आपले हूं हूं करत खटके पाडताय. कोणी सांगितलं होतं न बोलायला — हिनं? असणारच. बाजूला व्हा. उघडतो मी दार.

अरे वा.

वा, वा. गालिचा. हा गालिचा मी भंगारात द्यायला सांगितला होता. विजेची शेगडी — दोन कांड्यांची! किटली. दिवा बघा केवढा, याच्याखाली दाताचं ऑपरेशन करता येईल. आणि हा गुरगुरतोय तो कोण? छोटा फ्रिज. बघू. आइस्क्रीम. लोणी. न नासलेलं दूध. छान. बंद — हा केला बंद. रोज रात्री इथे बसतात होय? कपडे काढतात! पाठांतर करतात! तो हसण्याचा आवाज म्हणजे डॉक्टरचे पाहुणे नव्हते तर. माझ्या डोक्यावर बसून, माझ्याच तारेवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, फक्त अंधारात मी होतो. किती उशा आहेत हो त्या? एक, दोन, तीन, चार. मोजायची खोड आहे मला, भांडारातला माणूस. चार. म्हणजे बरोबर आहे, हिशेब चुकलेला नाही कोणाचा.

मी काही एवढा वाईट नव्हतो हो. नाटकात झाड झालेली नात मलाही बघायची होती.

काय? कुठे वर बघू? ही बेल? ही बेल इथे कशाला, इथे कोण — आं? माझी? माझ्या खुर्चीजवळचं बटण दाबलं की ही वाजते? मला वाटलं स्वयंपाकघरात वाजत असेल. नीट सांगा, सावकाश. म्हणजे तार वर नेली ती बेलसाठी. आधी बेल. आधी ते टॉर्च घेऊन बसायचे, गोधड्या पांघरून, दार लावून, म्हणून माझी हाक ऐकू आली नाही — आणि मी पडल्यावर ही म्हणाली, आधी त्यांचं बटण इथे जोडा, मी बसते तिथे, बरोबर माझ्या डोक्यावर. आणि मग तार आलीच आहे तर एक प्लग द्या, असं सूनबाई म्हणाली. सूनबाईच म्हणणार. म्हणजे ज्या चोराला मी शोधतोय ती माझीच तार. हसू नका. हसा, हसा. सगळ्यांवर धूळ आहे बघा इथे, फ्रिजवर, दिव्यावर — बेलवर नाही. पुसते वाटतं ही. रोज पुसते आणि वाट बघत बसते, आणि मी खाली घसा फुकट आहे म्हणून —

थांबा. आधी तो फ्रिज. आइस्क्रीम वितळलं तर त्यांना कळेल मी येऊन गेलो. बाजूला व्हा, माझं मी करतो. हे बघा, बघून ठेवा, पुन्हा दिसणार नाही असं — मी माझ्या हातानं एक बटण चालू करतोय. लागला गुरगुरायला. 

आता तुम्ही इथेच उभे राहा, बेलखाली. मी खाली जातो. चालतो मी, पायाला काय झालंय, काही झालेलं नाही पायाला.

अहोऽ! ऐकू येतंय का? दाबतो हं! वाजली? काय? मोठ्यानं बोला, दार बंद करून बोलताय का? वाजली? पुन्हा दाबतो. आता? केवढ्यानं वाजते? खोलीभर? बरं. बरं, या खाली.

त्यांना काही सांगायचं नाही. सांगा, जुनी वायरिंग आहे, भिंतीत ओल आहे, थोडी वीज जिरायचीच. डॉक्टरकडे मी जातो संध्याकाळी, दाढ दाखवून येतो. आणि रात्री जेवणं झाली, एकेक जण कपडे काढायला वर गेला, की मी दोन मिनिटं जाऊ देणार आणि बटण दाबणार. धावत येतील सगळे, घाबरतील. ही विचारेल, अहो काय लागलं, काय हवंय? काय सांगू? तुम्हाला काय विचारतोय मी, तुम्ही तर या घरात मुके. सांगेन — एक उशी. पाचवी. 

निघा आता, येतीलच सगळे. मागच्या दारानं जा, गल्लीतून. आणि जिन्यापाशी डोकं सांभा — नाही, तुम्हाला काय सांगायचं. या.