एकाच भाड्यात दोन पाळ्या

मित्रांनो, हरसूलहून आलेली मंडळी, आणि सखूवहिनी,

मला मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. इथं एवढी शांतता आहे, की माझाच आवाज मला मोठा वाटतोय. पण हिरामणच्या शेजारच्या मशीनवर मी होतो. मी नाही बोलायचं तर कोणी?

हिरामण गेला. डबल पाळी करून सकाळी घरी निघाला होता. घाटाच्या वळणावर मोटरसायकलवर त्याचा डोळा लागला. कागदावर अपघात लिहिलंय. लिहू द्या. तो कशानं गेला ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आधी तो एसटीनं यायचा. अर्धा दिवस जाण्यायेण्यात, वर भाडं. म्हणून त्यानं युक्ती काढली. आलोच आहोत तर दोन पाळ्या करूनच जायचं. मी म्हणायचो, "अरे घरी जा, पोरगी ओळखायची नाही तुला." तर हसून म्हणायचा, "भाऊ, भाडं एकदाच लागतं ना! मंग उद्या दिवसभर घरीच हाय." आपण सगळे हसलो. मग आपणही तेच करू लागलो. खोटं सांगतोय का मी?

आणि तो दिवसभर घरी काय करायचा? झोपायचा. वहिनी सांगत होत्या, जेवता जेवता ताटावरच पेंगायचा.

त्याला हवा होता बोहाडा. शहरातल्यांना सांगतो. हिरामणच्या गावाकडे, हरसूलला, देवांचे मुखवटे घालून नाचतात, तो बोहाडा. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. नरसिंह हिरामणच्या घरचा. वडील थकले, मुखवटा याच्याकडे आला. पण तालमीला संध्याकाळी गावात असावं लागतं, आणि हा असायचा इथं, माझ्या शेजारी. मुखवटा चुलतभावानं नाचवला.

म्हणून त्यानं जुनी मोटरसायकल घेतली. "आता लय येळ वाचंल, भाऊ!" किती खूश होता! वाचला ना वेळ. पण पेट्रोल एसटीपेक्षा महाग पडलं. ते भरून काढायला ओव्हरटाइम आला. त्यात साहेबांना कळलं, याला आता एसटी चुकायची भीती नाही. मग काय, कोणी गैरहजर असलं की हिरामणलाच हाक. वाचलेला सगळा वेळ कंपनीनं नेला. मी कडू बोलतोय. आज बोलू द्या.

यंदा तो ठाम होता. नरसिंह मीच नाचवणार. सुट्टी मागितली, तर उत्तर मिळालं, आधी डबल करून दे. त्यानं करून दिली. गेटवर मी म्हणालो, "गाडी राहू दे, एसटीनं जा, बसल्या बसल्या झोपशील." म्हणाला, "एसटीत लय येळ जाईल, भाऊ. पोरीनं मला नाचताना कधी पायलंच नाय."

वहिनी, तुम्ही मला विचारलंत, झोप येत होती तर ते वाटेत टेकले का नाहीत? त्याला तुमच्याकडे पोचायची घाई होती, वहिनी. हे तुम्हाला सांगायला नको वाटतं. पण तेच खरं आहे.

आता उभे राहू या. दुसऱ्या पाळीची वेळ होत आली आहे, काही जणांचं लक्ष मनगटाकडे आहे. मला राग नाही. आपल्याला तशीच सवय लावली आहे. पण आज घड्याळं काढून खिशात ठेवा. वहिनी जोवर उभ्या आहेत, तोवर आपण गप्प उभं राहायचं.

कोणाची गाडी सुटली, तर सुटू द्या.