हिरव्यातला तांबडा

मोना : खुर्ची वडून बस आणि सांग. काल सरावात तू मलाच का मारलंस?

जिनेंद्र : चुकून.

मोना : एकदा चुकून. तीनदा? कॅप्टन हाय मी तुझी. गेममधी डोक्यावर नाव झळकतंय माझ्या.

जिनेंद्र : परवापास्नं फिल्टर काढलाय मी.

मोना : कसला फिल्टर?

जिनेंद्र : स्क्रीनचे रंग बदलायचा. बाहेरचा प्रोग्राम हाय, गेमवर चालवायचा.

मोना : म्हंजे यशराज बोलतोय ते खरं? त्याची टीम आपल्याकडनं सेमीफायनल हरल्यापास्नं ग्रुपवर टाकतोय, जिनेंद्र गवतात लपलेली माणसं फिल्टर लावून बघतोय म्हणून. मी भांडले त्याच्याशी तुझ्यासाठी.

जिनेंद्र : म्हणून तर काढला. बॅन बसला तर तुम्हा चौघांची आयडी पण जाईल.

मोना : रविवारी फायनल हाय आणि आत्ता सांगतोयस. लावलास कशाला?

जिनेंद्र : जाऊ दे.

मोना : जिन्या, बोल की.

जिनेंद्र : मला तांबडा आणि हिरवा येगळा दिसत न्हाय.

मोना : म्हंजे?

जिनेंद्र : गेममधी आपल्या माणसाचं नाव हिरवं, समोरच्याचं तांबडं. मला दोन्ही मातकट दिसत्यात. फिल्टर लावला की तांबडं निळं होतंय. मग तुमच्याएवढंच दिसतंय मला. जास्त न्हाय.

मोना : कधीपास्नं हे?

जिनेंद्र : जन्मापास्नं. कळलं रेल्वे भरतीच्या मेडिकलला. लेखी पास झालतो. अप्पांनी गडहिंग्लजला गल्लीभर पेढे वाटलेले. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, आकडा वाच म्हणाले. मला नुसते ठिपकेच दिसले. त्यानंतर कुणाला सांगितलं न्हाय.

मोना : अप्पांना पण न्हाय?

जिनेंद्र : उंची कमी पडली म्हणून सांगितलं.

मोना : आणि पटलं त्यांना?

जिनेंद्र : ते माझ्यापेक्षा बुटके हायत.

मोना : स्पर्धावाल्यांना लिव हे सगळं.

जिनेंद्र : नको. खरं कळलं की बाहेर काढत्यात. एकदा बघितलंय मी.

मोना : तिथं सिग्नल हाय, गाडीत माणसं हायत. हितं कोण मरतंय? आणि लपवून फायनल जिंकलो, तर यशराजचंच खरं ठरंल. लिव. खाली कॅप्टन म्हणून माझं नाव घाल.

जिनेंद्र : टीम बाद झाली तर?

मोना : तर पाचजण मिळून घरी बसू. तू एकटा न्हाय.

(तीन दिवसांनी, दुपारी. कसबा बावड्यातला मोनाचा तोच गेमिंग कॅफे.)

जिनेंद्र : उत्तर आलंय. तूच वाच.

मोना : आण. ‘बाहेरचा कोणताही प्रोग्राम गेमवर चालवणे हा नियमभंग आहे. त्यामुळे तुमच्या टीमचा सेमीफायनलचा निकाल रद्द करण्यात येत आहे.’

जिनेंद्र : म्हटलं नव्हतं मी?

मोना : पुढं हाय अजून. ‘मात्र खेळाडूने स्वतः कळवल्यामुळे बंदी घातलेली नाही. रंग ओळखण्यात अडचण असेल तर गेमच्या सेटिंगमध्येच सोय आहे, ती जरूर वापरावी. सामना शनिवारी पुन्हा खेळवला जाईल.’

जिनेंद्र : गेममधीच सोय हाय?

मोना : आपण कधी उघडलंय व्हय ते पान? सरक. हे बघ, तीन पर्याय हायत. दुसरा लावते. काय दिसतंय?

जिनेंद्र : थांब. तुझं नाव निळं. समोरचा पिवळा. तिकडं झाडाबुडी एक बसलाय.

मोना : आम्हालाबी तेवढंच दिसतंय. शनिवारी यशराजला परत हरवायला लागणार, एवढंच.

जिनेंद्र : काल घरी फोन केलता. सांगून टाकलं.

मोना : काय म्हणाले अप्पा?

जिनेंद्र : फोन अव्वाकडं, आईकडं दिला त्यांनी. ती म्हणाली, ‘माझ्या वडलांना, तुझ्या आज्याला, पिकली मिरची झाडावर दिसायची न्हाय. त्यांच्यासंगं फिरून मी तोडायची. आम्हाला वाटायचं, म्हातारा आळस करतोय.’

मोना : आता सारखा फोन कर त्यांना. आणि हे बघ, खाली अजून हाय. ‘याच अडचणीबद्दल आणखी काही खेळाडूंनी नाव न देता विचारले आहे. तुमची हरकत नसल्यास तुमचे पत्र सर्व टीमना पाठवू.’ नाव काढून पाठवा म्हणून कळवू?

जिनेंद्र : न्हाय. राहू दे नाव.

मोना : यशराजबी वाचंल.

जिनेंद्र : वाचू दे. पूर्ण लिव. जिनेंद्र पार्श्वनाथ मगदूम.