या पाच कमानी इथे कधीच नव्हत्या

सन्माननीय अध्यक्षमहाराज उपेंद्रराव, व्यासपीठावरील थोर पाहुणे, जीर्णोद्धार मंडळाचे सभासद आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

आपण मला शाल दिलीत, नारळ दिलात. 'चिंतामण गुरुजींनी या घराचा इतिहास शोधला, म्हणूनच त्याला मूळ रूप परत मिळालं,' असं अध्यक्षांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. आपल्याला वाटलं असेल, काय हा विनय! विनय कसला? मला संताप आवरत नव्हता.

हे घर उपाध्यांचं. यात्रेकरूंच्या नोंदींच्या त्यांच्या एका जुन्या वहीत मला ओळ सापडली: 'मुक्काम आमचे घरी, पाच कमानींचे सोप्यात.' मला आकाश ठेंगणं झालं! इथे तर मधोमध मातीची जाड भिंत होती. मी मंडळाला लिहून दिलं, कमानी बुजवून ही भिंत मागाहून घातली आहे, पाडा.

काम हबीब मिस्त्रींकडे होतं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, वर पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही मागाहूनची नाय. वरचा सगळा मजला हिच्यावर बसलाय. पाडायचीच तर टेकू लावायला चार दिवस द्या."

मी काय म्हणालो असेन? "मिस्त्री, लिखाण मी वाचलंय. तुम्ही रंधा चालवा." आणि मंडळाने? मंडळाने उद्घाटनाची तारीख दाखवली.

टेकूंविनाच पाडकाम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी तुळई खाली आली. दोन मजुरांना बाजूला ढकलताना मिस्त्रींचा उजवा हात तिच्याखाली सापडला. तो कायमचा गेला.

मी घाबरून वही पुन्हा उघडली. त्या ओळीनंतर चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'पुरात घर गेले. नवे घर बांधून राहावयास आलो.' कमानी त्या वाहून गेलेल्या घराच्या होत्या! माणसं घर बदलतात, वही मात्र तीच चालू राहते, एवढं मला कळू नये? बत्तीस वर्षं मुलांना 'पुढचं पान वाचा' म्हणून ओरडत आलो, आणि स्वतः चार पानं उलटली नाहीत. लगेच अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, आता गप्प बसा. कमानी छान दिसतील." तर मंडळी, आपण ज्यांच्याखाली बसला आहात, त्या कमानी अशा उभ्या राहिल्या.

गेल्या महिन्यात मंडळाने घरोघर अहवाल वाटला. त्यात छापलंय: 'मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे किरकोळ अपघात.' किरकोळ! हात आपल्यापैकी कुणाचा असता, तर हा शब्द सुचला असता का?

काल कथडा भागात मिस्त्रींच्या घरी गेलो होतो. मिस्त्री माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या घरच्या, अमिनाबी, म्हणाल्या, "हात गेला गुरुजी, पण नजर हाय ना. उभं राहून दुसऱ्यांकडून काम करून घेतील की. पण तुमच्या कागदानं त्यांचं नाव घालवलं. आता दारात कोणी येत नाय."

अध्यक्षमहाराज, घंटा वाजवू नका, संपवतोच आहे. अहवालातली ती ओळ आज, या सभेसमोर खोडा. तिथे लिहा, चूक चिंतामण गुरुजींची आणि घाई मंडळाची. तोवर ही शाल या टेबलावर राहील.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना तोल गेला असेल तर पोटात घाला. भिंतीची चूक मात्र पोटात घालू नका. तिची क्षमा करायची की नाही, ते हबीब मिस्त्री ठरवतील.