रंगुबाईंना दिलेलं उत्तर

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाळकवर्ग, पाहुणे आणि मंडळीतील बंधुभगिनींनो,

मी आज बोलणार नव्हते. स्वतःच्याच मुलीला, मनकर्णाला, आणि जावयाला, सहादेवरावांना, निरोप देताना आईने काय बोलावं? परंतु गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर एक वाक्य कानी आलं. "दोन वर्सं शिकले अन् इस्वास घालवून आले." त्या वाक्याने मला हे भाषण लिहायला लावलं.

पाहुण्यांसाठी घडलेलं सांगते. रंगुबाईंचा मुलगा पुंजाराम कामासाठी निजामाच्या हद्दीत गेला. तिकडे गावं जळू लागली, आणि तो परतला नाही. त्या रविवारी उपासनेनंतर रंगुबाईंनी आमच्या सहादेवरावांचा हात धरून विचारलं, "पाळक, माझा पुंजा जिता हाय का?"

पूर्वीचे सहादेवराव म्हणाले असते, देव त्याला सुखरूप आणील. या वेळी ते म्हणाले, "रंगुबाई, मला माहीत नाही."

"मंग कालेजात शिकलात तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मी देते, कारण मनकर्णालाही पाळकांच्या शिक्षणाच्या, बी.डी.च्या, वर्गात नवऱ्याशेजारी बसू द्या, हा हट्ट माझा होता. त्या कॉलेजात जोडप्यांसाठी एक शिरस्ता होता. नवऱ्याने उपदेश वर्गात वाचण्याआधी बायकोला ऐकवायचा आणि तिने प्रश्न विचारायचे. मग तिचा उपदेश, त्याचे प्रश्न. सहादेवरावांच्या पहिल्याच उपदेशात होतं, विश्वासणाऱ्याच्या घरात अकाली मरण येत नाही. मनकर्णाने विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत? माझा धाकटा भाऊ पटकीने गेला. आमचा विश्वास कमी पडला का?"

तो माझा मुलगा. तो नक्की बरा होईल, असं तेव्हाच्या पाळकांनी मला सांगितलं होतं. पुढे त्या पाळकांशी मी कधी बोलले नाही.

जावईबापू रुसले. काही दिवस आपली भाकरी आपणच थापत होते. मनकर्णा म्हणते, ती भाकरी चावताना कोणालाही प्रार्थना सुचली असती. अखेर त्यांनी ते वाक्य खोडलं. दोघं शिकली ती एवढंच, की देवाच्या वतीने आपण वचन द्यायचं नाही. आणि ज्याला वचन देता येत नाही, त्याच्याजवळून उठायचं नाही. रविवारपासून मनकर्णा रोज रंगुबाईंच्या जात्याला हात लावते आहे. पायरीवरच्यांपैकी कोणी ते पाहिलं का?

आता ही दोघं निजामाच्या सरहद्दीवरच्या मंडळीत चालली आहेत. तिथले पाळक निघून आले. मी त्यांना दोष देत नाही. शेवगावच्या रस्त्याने माणसांनी भरलेल्या गाड्या नगरात येत आहेत, आणि यांची गाडी उलट जाणार. गाडीवान फक्रुद्दीन मघाशी म्हणाला, "बाई, वाटंत कुनी नाव इचारलं का मलाबी कापरं भरतं. पर पाळकांना नेतो म्हनलोय."

मलाही भीती वाटते. इतकी वर्षं शाळेतल्या मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं, आणि आज मीच या मेजाला टेकून उभी आहे. सकाळी मी मनकर्णाला विचारलं, "परत येशील ना?"

"आई, मला माहीत नाही."

मी पाठ फिरवली. तिला शिकायला मीच पाठवलं, आणि त्या क्षणी मला खोटं हवं होतं.

रंगुबाई मागे बसल्या आहेत. आत येताना त्यांनी मनकर्णाच्या हातात घोंगडी दिली आणि म्हणाल्या, "पुंजा घावला तर त्याला दे, पोरी. न्हाई घावला तर तू पांघर."

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. शिक्षिकेच्या जिभेने कोणाला बोचलं असेल, तर त्यांनी ते पोटात घालावं. रिवाजाप्रमाणे सुपूर्द केलेल्या वस्तू वाचून खाली बसते.

ऑगस्ट १९४८, अहमदनगर. सहादेव व मनकर्णा साळवे यांच्या हवाली: प्रभुभोजनाचा पेला व ताट. तिथल्या देवळाची किल्ली. औषधांची पेटी. घोंगडी एक, पुंजारामसाठी, सापडला तर.