शेणखतावर वीस टक्के सूट

नाव नाही घेणार मी कुणाचं, पण तुम्हाला सांगते, ज्यांच्याकडे लोकांचे ईमेल पत्ते असतात ना, त्यांचे कान एकदा तपासून घ्यायला हवेत! 'हो' ऐकू येतं, 'बघू' ऐकू येतं, 'नंतर सांगते' तर फारच छान ऐकू येतं... 'नको' तेवढं ऐकू येत नाही. अहो, नको म्हणजे नको! यात अवघड काय आहे?

मी ज्ञानेश्वरी. केडगावात राधाकृष्णकाकांच्या नर्सरीत कॉम्प्युटर सांभाळते. नर्सरी म्हणजे झाडांची हं, बालवाडी नव्हे, तसा बालिशपणा इथेही चालतोच. दर सोमवारी सकाळी आमच्याकडून चौदाशे लोकांना ईमेल जातं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हे ईमेल नको असल्यास येथे दाबा.' आता दाबणाऱ्याने दाबलं, पुढे काय? पुढे काही नाही! मी रुजू झाले तेव्हा ते बटण कुठेच जोडलेलं नव्हतं. देवळातली घंटा असते ना, वाजवा, समाधान माना, घरी जा!

मी काकांना म्हटलं, "काका, हे चूक आहे. नको म्हणजे नको!" तर काका काय म्हणाले असतील? "अगं पोरी, पाहुणा पानावर बसला की नको नकोच म्हणतो. म्हणून आपण वाढायचं थांबतो का? आग्रह करतो! हा आपला आग्रहच आहे." ईमेलचा आग्रह! शेणखताचा आग्रह!

आणि त्याच आठवड्यात श्रीरामपूरहून फोन. आवाज ऐकला आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. सत्यशीलाबाई! माझ्या पाचवीच्या वर्गशिक्षिका!

"ज्ञानेश्वरी, तू तिथे आहेस असं कळलं. माझा नातू गंधार परदेशात असतो. आठवड्यातून एकदा मला मराठीत पत्र लिहितो, ईमेलवर. मी त्या एका पत्राची वाट बघते. टिंग वाजतं, मी चष्मा शोधते, उघडते... आणि आत काय? शेणखतावर वीस टक्के सूट! चार वेळा ते बटण दाबलं मी."

"बाई, मी स्वतः काढते तुमचं नाव. शब्द देते."

"शब्द म्हणजे काय, ते शिकवलंय मी तुला," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला फोन.

आता मी पेटले! नाव, पत्ता, फोन, खरेदी, सगळं सगळं पुसलं. खूणसुद्धा ठेवली नाही. ज्याला आपण नको आहोत, त्याचं नावही ठेवायचा आपल्याला हक्क नाही, असं मी टेबलावर हात आपटून म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं, पण म्हणाले.

सोमवार. फोन. "ज्ञानेश्वरी, तुमच्याकडून ईमेल आलंय. 'नव्या ग्राहकाचे हार्दिक स्वागत!'"

झालं काय, की शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर आमचा स्टॉल असतो, तिथल्या वहीत बाईंनी कधीतरी नाव लिहिलेलं. काका दर शनिवारी त्या वहीतली जुनी-नवी सगळी नावं यादीत घालतात. कॉम्प्युटरने बघितलं, ही बाई आपल्याकडे नाही, म्हणजे नवी! घाला हार! मी वहीतलं नावही खोडलं. काळं कुळकुळीत.

तर पुढच्या आठवड्यात बाईंनी आमच्याकडून नेलेलं केशर आंब्याचं रोप वाळलं. वर्षाची हमी दिलेली, जगलं नाही तर बदलून. बाईंनी फोन केला, काकांनी उचलला, कॉम्प्युटरात बघितलं आणि म्हणाले, "या नावाचं गिऱ्हाईकच नाही आमच्याकडं!" असणार कसं? मीच पुसलेलं! मग मी धावत येऊन बाईंचं नाव परत भरलं, रोप पाठवलं... आणि सोमवारी? टिंग! शेणखत!

या वेळी बाईंचा फोनच आला नाही. रागावल्या असत्या तर बरं होतं हो. त्यांनी माझा शब्द धरायचंच सोडून दिलं होतं.

मी कुंड्यांपाशी जाऊन बसले. तिथे आमच्याकडे रोपांचं काम करणाऱ्या छबूबाई माती भरत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या हात झटकून म्हणाल्या, "आमच्या गावच्या आप्पासायबांना शुगर हाय. पंगतीत त्यांना जिलबी वाढायची न्हाई. आता मी त्यांचं नावच इसरले, तर नव्या वाढप्याला कसं कळंल? त्यो वाढतोय की घपाघप! म्हनून जिलबीचं ताट उचलायच्या आधी मी पहिलं त्यांचंच नाव सांगते. वरनभात मातुर वाढायचा बरं का, उपाशी न्हाई ठेवायचं."

अहो, तीन वर्षं कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नाही! विसरायचं नाहीच, 'नको' आठवणीत ठेवायचं! मी त्याच दिवशी वेगळी यादी केली. नको-वही. त्यात फक्त ईमेल पत्ता आणि तारीख, बाकी काही नाही; पहिलाच पत्ता बाईंचा. नावं कुठूनही येवोत, पाठवायच्या आधी या वहीशी ताडून बघायची. रोपाच्या हमीची नोंद राहील, पण ती हमीपुरतीच, जाहिरातीला हात लावायचा नाही. आणि ते बटण, ते थेट नको-वहीला जोडलं.

काका दोन दिवस रुसले. "त्रेसष्ट गिऱ्हाइकं गेली!" मी म्हटलं, "गेली नाहीत काका, फक्त जिलबी नको म्हणतात." ते पटलं. आता दर सोमवारी तेच ओरडतात, "नको-वही बघितली का गं?"

सोमवार गेला, शांत. दुसरा सोमवार, शांत. तिसराही! बाईंच्या इनबॉक्समध्ये फक्त गंधार! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी लगेच बसले आणि बाईंना छानसं ईमेल लिहिलं... 'आदरणीय बाई, यापुढे आमच्याकडून आपल्याला एकही ईमेल येणार नाही.'

पाठवलं. टिंग.

पाच मिनिटांत उत्तर. 'चष्मा शोधला. शब्द पाळलास, शाबास. आता हेही नको.'

नको म्हणजे नको... मी कपाळाला हात लावून बसले. छबूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मातीची पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या,

"जिलबी वाढनार न्हाई, ह्ये सांगायला जिलबीच घेऊन गेलीस व्हय गं?"