निरोगी गटातला काका

पुतणी : …आणि तू त्यांना रॉंग नंबर म्हणालास?

काका : मग काय म्हणायचं? समोर कोटाचं गिऱ्हाईक उभं, माझ्या तोंडात टाचण्या, आणि फोनवर कोणीतरी बाई विचारतात, हल्ली पोट कसं आहे तुमचं. म्हटलं, रॉंग नंबर.

पुतणी : त्या आमच्या मोठ्या बाई आहेत, काका. अख्खी प्रयोगशाळा त्यांना टरकून असते.

काका : मला काय स्वप्न पडलं होतं? आवाज विमावाल्यांसारखा वाटला.

काकू : दुसऱ्या वेळी चांगलं माहीत होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी सरळ सांगितलं, तुमची पुतणी काम करते तिथून बोलतेय. तर हे म्हणाले, ते गावाला गेलेत. स्वतःच्याच आवाजात.

काका : तू कोणाच्या बाजूने आहेस?

काकू : आज तिच्या. चहा घे गं, निवतोय.

पुतणी : नको काकू, आधी बोलू दे मला. बसमध्ये सगळं ठरवून आलेय, थांबले तर विसरेन. काका, मशीन बंद कर.

काका : ऐकतोय मी. पाय आपले चालतात, त्यांना कानांची गरज नसते. उद्या एका शाळेचे गणवेश द्यायचेत.

पुतणी : बंद कर.

काका : केलं बाई बंद. बोला प्रोफेसर.

पुतणी : तू आमच्याकडे रक्त देतोस ते कशासाठी, माहितीये ना?

काका : मला विचारतेस? अगं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो मी, माप घेता घेता. आतड्याच्या कॅन्सरवर आमच्या पुतणीचं संशोधन चालू आहे. पोट फाडायला नको, काही नको, दंडातून रक्त काढायचं आणि त्यात एक खूण शोधायची. खूण दिसली की समजायचं, आत काहीतरी शिजतंय. आणि रोगी माणसांशी ताडून बघायला निरोगी माणसं लागतात, त्यात मी आहे. काचेत नमुन्याचा कोट लावतात ना, तसा.

काकू : गेल्या आठवड्यात तर एकाची पॅंट दोन इंच तोकडी शिवली, हे सांगण्याच्या नादात.

पुतणी : त्या निरोगी माणसांचीच भानगड झालीय. आमच्याकडे रीतच पडलीय, बाहेरचं कोणी रक्त द्यायला तयार नसतं, म्हणून ज्याने त्याने आपापल्या घरची माणसं आणायची. टायपिस्टची मावशी, बाईंचे मिस्टर, माझा तू. बाटल्यांवर फक्त आकडे. कोणाचा आकडा कोणता, ते बाईंनाच ठाऊक. तर त्यातल्या एका निरोगी बाटलीत खूण दिसली.

काका : अरे वा. कोणाच्या?

पुतणी : ऐक ना. मी म्हटलं, रक्त खराब झालं असेल. नमुना दिला टाकून. सहा महिन्यांनी त्याच माणसाचं नवीन रक्त आलं, पुन्हा तेच. मग मी तपासणीच्या औषधाच्या खोक्यावर खापर फोडलं, कंपनीवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोलले. तो बिचारा नवीन खोकं घेऊन धावत आला. परवा तिसऱ्यांदा केलं. शेजारी माझं स्वतःचं रक्त लावलं. माझं साफ. आणि ते तसंच, उलट आणखी जास्त.

काका : मग?

पुतणी : मग मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, खूणच खोटी आहे, सोडून देऊ. निरोगी माणसाला कॅन्सर आहे म्हणून तीन-तीनदा सांगणारी टेस्ट कोण वापरणार? बाई म्हणाल्या, खूण खोटी म्हणण्याआधी माणूस खरंच निरोगी आहे का ते बघितलंस का? इतकी वर्षं शिकलेय मी, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. निरोगी गटातला म्हणजे निरोगी, एवढंच धरून बसलो होतो सगळे.

काका : हुशार आहेत तुमच्या बाई.

पुतणी : नियम असा की अशा माणसाला त्यांनी स्वतः फोन करून डॉक्टरकडे पाठवायचं. त्याप्रमाणे त्यांनी केला. मला त्या म्हणाल्या, तू पुतणी आहेस म्हणून नाही सांगत, हा गृहस्थ फोनवर सापडत नाही म्हणून सांगतेय.

काका : उद्या गणवेश द्यायचेत मला.

काकू : आता गणवेश आठवले? मगाशी पाय चालतात, कान चालतात, सगळं चालत होतं.

काका : तुमच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल.

पुतणी : नाही झाली.

काका : त्या मावशीचं असेल. ती मला पहिल्यापासून फिकट दिसते.

काकू : उभे राहा. पॅंट दाखवा तिला.

काका : कुठली पॅंट?

काकू : घातलीय ती. दोनदा कमर आत घेतलीय यांनी, मला न सांगता. टेलरचं बरं असतं बघ, दुसऱ्याचा नवरा वाळला तर पॅंट ढगळ दिसते, माझा वाळला तर रातोरात बेतशीर होऊन येतो. मला कळलं इस्त्री करताना. मागे नुसती चुणी जमलीय कापडाची.

काका : वय झालं की माणूस आटतो थोडा.

पुतणी : रक्त देताना नर्सने विचारलं होतं ना, वजन कमी झालंय का?

काका : विचारलं असेल.

पुतणी : संडासवाटे रक्त जातं का, हेही विचारतात.

काका : तेही विचारलं. काय एकेक प्रश्न. परक्या माणसाला, तेही उपाशीपोटी.

पुतणी : आणि तू काय सांगितलंस?

काका : नाही म्हटलं.

पुतणी : जातं का, काका?

काका : इस्त्री चालू राहिलीय का बघ गं जरा.

काकू : बंद आहे. उत्तर द्या तिला.

काका : मूळव्याध आहे. दिवसभर बसून काम, टेलर लोकांना असतेच.

पुतणी : कधीपासून?

काका : थंडीचे कोट शिवायला घेतले तेव्हापासून असेल.

काकू : थंडीचे? आता शाळा उघडायची वेळ आली. अहो, एका घरात राहतो आपण. एक न्हाणीघर आहे.

काका : तू घाबरली असतीस.

काकू : मग आत्ता मी काय नाचतेय?

पुतणी : पण का, काका? मी घरचीच आहे. डॉक्टरांच्या घोळक्यात असते रोज. एक शब्द टाकला असतास तर हाताला धरून नेलं असतं.

काका : म्हटलं ना, मूळव्याध.

काकू : ते नाही सांगायचे, मी सांगते. मला इतके दिवस अर्धंच माहीत होतं, आज टोटल लागली. तू जेवायला आली होतीस आठवतं, ताटावर बसून रडलीस ती? कोणाच्या तरी भावाला साखर निघाली, कोणी तरी पोटुशी राहिली, निरोगी माणसं भराभर गळायला लागली म्हणून. म्हणालीस, अजून एक गळला तर सगळं काम वर्षभर मागे पडेल. तू गेलीस आणि ताटं उचलता उचलता हे म्हणाले, आपल्या घरचं कोणी गळायचं नाही. मला वाटलं, गंमत करतायत.

पुतणी : काका.

काका : बघवलं नाही गं मला. एवढीशी होतीस तेव्हापासून तुझे फ्रॉक शिवलेत, कधी जेवताना रडली नव्हतीस. मी म्हटलं, यात काय मोठंसं, दोन प्रश्नांना नाही म्हणायचं. रक्त तर मी खरंच दिलं, त्यात भेसळ नाही केली.

पुतणी : मला इतका राग आलाय तुझा, कात्री फेकून मारावीशी वाटतेय. अरे तू गळला असतास तर मी दुसरं कोणीतरी पकडून आणलं असतं. समोरच्या दुकानदाराला आणलं असतं. आणि असं खोटं निरोगी राहून तू माझं काम वाचवत नव्हतास. उलट तुझ्यापायी आम्ही चांगली खूण कचऱ्यात टाकायला निघालो होतो.

काका : चांगली कशावरून? मला नुसती मूळव्याध असली तर?

पुतणी : तर ती खोटी.

काका : आणि मला खरंच ते असलं तर?

पुतणी : तर ती खरी.

काका : म्हणजे मी आजारी निघालो तर तुझं नाव होणार. मग एवढं तोंड पाडून कशाला आलीस? चल जाऊ. काय करायचं असतं?

पुतणी : दुर्बिणीने आतून बघतात.

काका : कुठून घालतात दुर्बीण?

काकू : ज्याबद्दल नर्सला उत्तर देत नाही, तिथून.

काका : गणवेश देऊन मग बघू. पुढच्या आठवड्यात.

काकू : मुलं जुने घालतील. उद्या तुमच्याबरोबर मी येतेय.

पुतणी : काका, खरं सांगू? पाच वर्षं मी या खुणेच्या मागे आहे. झोपेत तिचे आलेख दिसतात मला. आणि आज बसमध्ये सबंध वाटभर एकच घोकत होते, ही खोटी निघू दे. पाच वर्षं गेली तर जाऊ देत, मी पहिल्यापासून करीन सगळं. तू तेवढा नुसता मूळव्याधवाला निघ.

काका : बरं. प्रयत्न करतो.

(आठवड्याने. डॉक्टरांच्या खोलीबाहेरचं बाक. काका मधे, दोघी दोन बाजूंना.)

काकू : मला पुन्हा सांग. त्यांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं.

पुतणी : गाठ आहे. तुकडा काढून तपासला, कॅन्सरच आहे. पण आतड्याच्या भिंतीतच आहे अजून, बाहेर कुठे पसरल्याचं दिसत नाही. तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन टोकं जोडायची. डॉक्टर म्हणाले, आत्ता आलात हे फार बरं केलंत.

काका : फाटकं काढून टाकायचं आणि शिलाई मारायची. हे मला समजतं. धागा चांगला वापरा म्हणावं.

काकू : तुम्हाला चेष्टा सुचते तरी कशी? माझे हात बघा कसे गार पडलेत.

काका : आण इकडे. सुचते म्हणून करतो. आतून माझीही फाटलीय, तुझ्या देखत सांगतो. पण त्या दुर्बिणीसाठी दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले, तेव्हापासून कशाचंच विशेष वाटत नाही. काय गं प्रोफेसर, तू भिंतीकडे काय बघतेस?

पुतणी : काही नाही.

काका : तुझी खूण खरी निघाली.

पुतणी : हो.

काका : बाईंना कळवलंस?

पुतणी : कळवलं. त्या म्हणाल्या, अभिनंदन म्हणवत नाही मला.

काका : आता मला निरोगी गटातून काढणार असाल.

पुतणी : काढावंच लागणार, काका.

काका : मग कुठे टाकणार? कॅन्सरवाल्यांत?

पुतणी : त्यात दोन गट आहेत. एक उशिरा सापडलेल्यांचा, तो भरून वाहतोय. आणि एक वेळेवर सापडलेल्यांचा.

काका : त्यात किती जण?

पुतणी : अगदीच थोडे. वेळेवर कोणी येतच नाही रे. तुझ्यासारखेच सगळे, मूळव्याध म्हणत बसतात. त्या गटासाठीच तर खूण शोधतोय आम्ही, आणि तोच रिकामा.

काका : मग असं भिंतीकडे बघून कसं चालेल? ऑपरेशनच्या आधीचं रक्त लागेल ना तुला?

पुतणी : लागेल. पण आज नको, काका. आज राहू दे.

काका : राहू दे कशाला? घे. बाही वर केलीय मी.